सूत्रं पाठ आहेत, पण गणित सुटत नाही

‘सर, निर्देशक भूमितीतली सगळी सूत्रं मला पाठ आहेत. चढाचं सूत्र, अंतराचं सूत्र, रेषेच्या समीकरणाची सगळी रूपं झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन. पण “एक रेषा (३, ४) या बिंदूतून जाते आणि दोन्ही अक्षांवरचे तिचे आंतरछेद समान आहेत” असं वाक्य समोर आलं की हात थांबतो. यातलं कोणतं सूत्र लावायचं तेच कळत नाही. मग मी जिथे तिथे अंतराचं सूत्र लावते आणि वर्गमुळांत अडकून बसते. मैत्रीण म्हणते, गणितांचे प्रकार पाठ कर, तेवढं पुरतं. परीक्षा जवळ आली आहे. प्रकार पाठ करू का? की भूमिती माझ्या डोक्यासाठी नाहीच?’
– गोंधळलेली विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोच तुला जास्त छळत असणार. भूमिती तुझ्या डोक्यासाठी आहे. आपला हात नेमका कुठे थांबतो हे ज्याला सांगता येतं, त्याचं अर्धं काम झालेलं असतं. तू थांबतेस ती जागा सूत्राच्या आधीची आहे. वाक्य वाचल्यावर आणि सूत्र लिहिण्यापूर्वी मध्ये एक पायरी असते, ती तुला कुणी वेगळी काढून दाखवलेली नाही. आज तेवढंच करू.

आणि प्रकार पाठ करू नकोस. प्रकारांना अंत नाही. ‘समान’च्या जागी ‘दुप्पट’ आलं, ‘पहिल्या चरणात’ हे दोन शब्द गळले, की पाठ केलेला प्रकार हातातून निसटतो. रेषा मात्र तीच राहते.

सरळ रेषा पक्की करायला दोन स्वतंत्र गोष्टी कळाव्या लागतात. दोनच, तिसरी लागत नाही आणि एकीवर भागत नाही. पहिली, रेषा कुठल्या दिशेने चालली आहे: हा तिचा चढ. क्ष एकाने वाढला तर य कितीने वाढतो किंवा घटतो, एवढंच चढ सांगतो. दुसरी, त्या दिशेने जाणाऱ्या असंख्य समांतर रेषांपैकी नेमकी ही कोणती: ते आंतरछेद सांगतो, म्हणजे रेषा अक्षाला जिथे छेदते तिथली किंमत. (काही पुस्तकांत याला अंतःखंड म्हणतात.) य = मक्ष + क या समीकरणात म आणि क ही दोनच अक्षरं अज्ञात आहेत, ती याच दोन गोष्टींसाठी.

तू पाठ केलेली बाकीची सगळी रूपं, दोन बिंदूंचं, बिंदू-चढाचं, दोन आंतरछेदांचं, ही याच दोन माहित्या वेगवेगळ्या वेषांत आल्यावर लिहायच्या सोयी आहेत. म्हणून ‘कोणतं सूत्र लावू?’ हा प्रश्न सोडून दे. त्याऐवजी वाक्य तोड आणि प्रत्येक तुकड्याला विचार: हा मला दिशा सांगतोय, जागा सांगतोय, की दोघींमधलं एखादं नातं? तुकडे दोन झाले की गणित सुटायला तयार आहे असं समज.

आता तुझंच गणित घे. ‘(३, ४) मधून जाते’, हा एक तुकडा. ‘आंतरछेद समान’, हा दुसरा. वहीत आधी अक्ष काढ आणि तो बिंदू टिंब देऊन मांड. आकृतीशिवाय पुढे जाऊ नकोस, हा माझा हट्ट आहे असं समज. दुसरा तुकडा काय सांगतो? रेषा क्ष-अक्षाला (अ, ०) मध्ये आणि य-अक्षाला (०, ब) मध्ये छेदत असेल, तर या दोन बिंदूंवरून तिचा चढ −ब/अ येतो. दोन्ही आंतरछेद समान, म्हणून चढ −१. म्हणजे आंतरछेदाच्या वेषात आलेला हा तुकडा खरं तर दिशा सांगत होता! बिंदू हातात, चढ हातात: य − ४ = −(क्ष − ३), म्हणजेच क्ष + य = ७. दोन्ही आंतरछेद ७. संपलं.

खरंच संपलं का? इथे जरा थांब, कारण या गणितात एक उत्तर लपलेलं आहे आणि ते बहुतेक वह्यांत राहून जातं. (३, ४) आणि आरंभबिंदू यांना जोडणारी रेषा बघ. ती दोन्ही अक्षांना आरंभबिंदूतच छेदते. तिचे दोन्ही आंतरछेद शून्य, म्हणजे समानच! ही रेषा य = (४/३)क्ष. आपल्या हातून ती का सुटली? कारण आपण ब ला अ ने भागलं आणि अ शून्य असू शकतो याचा विचारच केला नाही. क्ष/अ + य/ब = १ हे रूप पहिल्या ओळीत लिहिणारी मुलंही हीच रेषा गमावतात, कारण त्या रूपात आरंभबिंदूतून जाणारी रेषा मावतच नाही. गणितात ‘आंतरछेद शून्य नाहीत’ असं दिलेलं असेल तर क्ष + य = ७ हे एकच उत्तर. तसं दिलेलं नसेल तर दोन्ही लिही.

म्हणूनच बिंदू दिलेला असला की मी स्वतः चढ अज्ञात धरून सुरुवात करतो. रेषा य − ४ = म(क्ष − ३). य च्या जागी शून्य घातलं की क्ष-आंतरछेद ३ − ४/म; क्ष च्या जागी शून्य घातलं की य-आंतरछेद ४ − ३म. दोन्ही समान लिही आणि दोन्ही बाजूंना म ने गुण: ३म² − म − ४ = ०. अवयव पाड: (३म − ४)(म + १) = ०. म = −१ किंवा म = ४/३. बघ, लपलेली रेषा न बोलावता समोर आली. इथे म शून्य धरलेला नाही, कारण आडवी रेषा क्ष-अक्षाला छेदत नाही. आणि उभ्या रेषेला य-आंतरछेद नसतो, म्हणून तीही बाद. एका अज्ञात संख्येत सगळं आलं.

या दोन राशी, ३ − ४/म आणि ४ − ३म, जपून ठेव. याच बिंदूवरचं आणखी एक गणित परीक्षेत आवडीने विचारतात: (३, ४) मधून जाणारी रेषा पहिल्या चरणात अक्षांबरोबर २४ चौरस एकक क्षेत्रफळाचा त्रिकोण करते, तर रेषेचं समीकरण काढा. पुन्हा दोनच तुकडे. बिंदू आधीच वापरला. क्षेत्रफळ म्हणजे दोन आंतरछेदांच्या गुणाकाराचं निम्मं, म्हणून गुणाकार ४८ हवा.

(३ − ४/म)(४ − ३म) = ४८. कंस सोडव: २४ − ९म − १६/म = ४८. म ने गुणून एका बाजूला आण: ९म² + २४म + १६ = ०. हे तर (३म + ४)² = ०. म = −४/३, आणि उत्तर एकच. आंतरछेद ६ आणि ८, रेषा ४क्ष + ३य = २४.

एकच उत्तर का आलं असेल? वर्गसमीकरणाला साधारणपणे दोन मुळं असतात, इथे दोन्ही एकच झाली. २४ च्या जागी २५ घालून बघ: ९म² + २६म + १६ = ०, म = −२ किंवा −८/९. दोन रेषा मिळाल्या. आता २० घाल: ९म² + १६म + १६ = ०, आणि विवेचक (मुळांच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) २५६ − ५७६ म्हणजे ऋण. रेषाच नाही. म्हणजे (३, ४) मधून जाणारी रेषा पहिल्या चरणात २४ पेक्षा लहान त्रिकोण कापूच शकत नाही, आणि गणित रचणाऱ्याने नेमकी ती कडेची किंमत निवडली होती. आता आकृतीत ते दोन आंतरछेद, (६, ०) आणि (०, ८), यांचा मध्यबिंदू काढ. (३, ४)! त्रिकोण सर्वांत लहान असतो तेव्हा दिलेला बिंदू रेषाखंडाच्या बरोबर मध्यावर येतो. हे याच बिंदूपुरतं नाही. पहिल्या चरणातला कुठलाही बिंदू घे, तसंच होतं. पाठ केलेल्या प्रकारातून हे कधीच दिसलं नसतं.

आणि ‘पहिल्या चरणात’ हे शब्द नसते तर? मग चढ धन असलेल्या आणखी दोन रेषाही तेवढ्याच क्षेत्रफळाचा त्रिकोण करतात. त्यांचा एक आंतरछेद ऋण असतो, म्हणून गुणाकार −४८ होतो. वाक्यातला प्रत्येक शब्द कशासाठी आहे हे विचारायची सवय इथे कामी येते.

तसंच आंतरछेद ही लांबी नाही, चिन्हासकट संख्या आहे. ३क्ष − ४य + १२ = ० या रेषेचे आंतरछेद −४ आणि ३. इथे ‘४ आणि ३’ लिहिलंस की रेषा भलत्याच चरणातून जाऊ लागते आणि चढाचं चिन्ह उलटतं. लांबी हवी असेल तेव्हा मात्र चिन्ह सोडायचं: अक्षांबरोबरच्या त्रिकोणाच्या काटकोनाच्या बाजू ४ आणि ३, क्षेत्रफळ ६, कर्ण ५. आता आरंभबिंदूपासून या रेषेचं लंब अंतर विचारलं तर सूत्र आठवण्याची गरजही नाही. कर्णाला पाया मान: ५ गुणिले उंची भागिले २ बरोबर ६, म्हणून उंची १२/५. दोन आंतरछेदांवरून अंतर मिळालं.

आता तुझ्या वर्गमुळांकडे वळू. (१, −१), (४, ५), (६, ९) हे बिंदू एकरेषीय आहेत का, असं विचारलं तर तू तीन अंतरं काढत असशील: √४५, √२०, √१२५. मग ३√५ + २√५ = ५√५ हे दाखवायचं. उत्तर बरोबर येतं, पण वाट लांब आहे आणि वाटेत चुकायला जागा भरपूर. चढ काढ: ६/३ = २ आणि ४/२ = २. चढ समान, मधला बिंदू सामाईक, म्हणून एकरेषीय. दोन भागाकार.

माझी शिफारस सरळ आहे. प्रश्नात समांतर, लंब, काटकोन, एकरेषीय, आयत, समांतरभुज यातला शब्द दिसला की प्रश्न दिशेचा आहे, चढाकडे जा. लांबी, परिमिती, त्रिज्या, समद्विभुज, समभुज दिसलं की अंतराचं सूत्र हवंच, तिथे चढ एकटा काही करू शकत नाही. चौरसाला दोन्ही लागतात. फक्त एक जप: समांतर रेषांचा चढ समान असतो, पण दोन समीकरणांचा चढही समान आणि आंतरछेदही समान आले तर त्या दोन समांतर रेषा नसून एकच रेषा आहे. २क्ष − य + ३ = ० आणि ४क्ष − २य + ६ = ० अशी जोडी मुद्दाम दिलेली असते.

चढ काढताना वजाबाकीचा क्रम वर-खाली एकच ठेवायचा. वर दुसऱ्यातून पहिला वजा केलास तर खालीही तसंच. चिन्हाच्या बहुतेक चुका इथेच होतात. आकृती समोर असली तर चूक लगेच पकडता येते: डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली येत असेल तर ऋण. उत्तर त्याच्याशी जुळलं नाही तर पुढे जाण्यापूर्वी मागे बघायचं.

लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ हे तुला पाठ आहे, पण ते कुठे चालत नाही हेही माहीत हवं. (०, ०), (८, ०), (२, ६) हा त्रिकोण घे आणि त्याचा लंबसंपात बिंदू काढू, म्हणजे शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर टाकलेले लंब (शिरोलंब) जिथे मिळतात तो बिंदू. पाया आडवा आहे, चढ शून्य. (२, ६) मधून त्यावर टाकलेला शिरोलंब उभा. उभ्या रेषेला चढ नसतो. तिथे क्ष मधला फरक शून्य आणि शून्याने भागता येत नाही. इथे −१ च्या नियमाचा आग्रह धरलास तर अडकशील. आकृतीकडे बघून थेट लिही: क्ष = २. आता (०, ०) मधला शिरोलंब. समोरची बाजू (८, ०) पासून (२, ६) पर्यंत, चढ ६/(−६) = −१. लंबाचा चढ १, आरंभबिंदूतून जातो, म्हणून आंतरछेद शून्य: य = क्ष. दोन्ही मिळून (२, २). तिसऱ्या शिरोलंबाने पडताळा घे: (०, ०) ते (२, ६) चा चढ ३, लंबाचा −१/३, (८, ०) मधून जाणारी रेषा य = −(क्ष − ८)/३. क्ष = २ घातलं की य = २. जुळलं.

आणखी दोन बिंदू काढून बघ, त्याच त्रिकोणात. परिकेंद्रासाठी, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या केंद्रासाठी, बाजूंचे लंबदुभाजक लागतात. पायाचा क्ष = ४. तिरप्या बाजूचा मध्यबिंदू (५, ३), लंबाचा चढ १, म्हणून य = क्ष − २. छेदनबिंदू (४, २). मध्यगासंपात, म्हणजे मध्यगा मिळतात तो बिंदू, तर तिन्ही शिरोबिंदूंची नुसती सरासरी: (१०/३, २). तिन्ही बिंदूंचा य बघ. २, २, २! तिन्ही एकाच आडव्या रेषेवर, आणि मध्यगासंपात लंबसंपात ते परिकेंद्र या रेषाखंडाला २ : १ प्रमाणात विभागतो. समभुज त्रिकोणात हे तिन्ही बिंदू एकाच जागी येतात. बाकी प्रत्येक त्रिकोणात ते असेच एका रेषेवर असतात. १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी हे दाखवलं, म्हणून तिला ऑयलर रेषा म्हणतात. आपल्या त्रिकोणात ती आडवी पडली म्हणून नजरेत आली. दुसरा त्रिकोण घेतलास तर ती बहुधा तिरपी असेल. तेव्हा कोणत्याही दोन बिंदूंवरून चढ काढ आणि तिसरा त्यावर बसतो का ते तपास. हा रविवारचा अभ्यास मी तुला मनापासून सुचवतो. परीक्षेत कदाचित विचारणारही नाहीत, पण चढ, लंब, आंतरछेद, छेदनबिंदू सगळं एका बैठकीत हाताखालून जातं, आणि शेवटी उत्तर बरोबर आहे की नाही हे ती रेषाच सांगते.

रने देकार्त यांनी १६३७ साली भूमितीचे प्रश्न बीजगणिताने सोडवण्याची रीत छापून मांडली. पिएर द फर्मा त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोहोचले होते. देकार्त यांनी आकृतीतली अट समीकरणात उतरवण्यावर भर दिला. तुझी अडलेली पायरी हीच. ती अवघड वाटणं स्वाभाविक आहे, आणि ती सरावाने येते.

सराव कसा करायचा ते सांगतो. पुढचा आठवडाभर गणितं सोडवूच नकोस. फक्त वाच, आकृती काढ, वाक्याचे तुकडे पाड आणि प्रत्येक तुकड्यासमोर त्याचं समीकरण लिही. ‘३क्ष + २य = ५ ला लंब’: म = २/३. ‘य-आंतरछेद −४’: क = −४. ‘क्ष-अक्षाशी १३५ अंशाचा कोन’: म = −१. ‘क्ष-आंतरछेद य-आंतरछेदाच्या दुप्पट’: म = −१/२, आणि आरंभबिंदूतून जाणारी शक्यता वेगळी नोंद. तुकडे दोन झाले की वही मिट आणि पुढचं गणित घे. हाताला घाई होईल, उत्तर काढावंसं वाटेल, आठवडाभर आवर. दुसऱ्या आठवड्यात तीच गणितं शेवटपर्यंत ने. सूत्रं तुला पाठ आहेतच, तिथे वेळ लागणार नाही. परीक्षा अगदीच तोंडावर असेल तर आठवड्याऐवजी तीन दिवस दे, पण ही पायरी गाळू नकोस.

वर्गात शिकवलेल्या रीतीपेक्षा वेगळ्या रीतीने सोडवलं तर गुण जातील का, अशी भीती वाटली तर प्रत्येक पायरीचं कारण एका ओळीत लिही, ‘समांतर रेषांचे चढ समान’ असं. कारण लिहिलेली बरोबर रीत तपासणाऱ्याला सहज कळते.

सुरुवातीला हे एक घे. एका रेषेचा अक्षांमधला रेषाखंड (−२, ३) या बिंदूत दुभागला जातो. मध्यबिंदूवरून आंतरछेद −४ आणि ६, चढ ३/२, रेषा ३क्ष − २य + १२ = ०. हे सोपं आहे. आता ‘दुभागला जातो’ काढून टाक आणि तो बिंदू क्ष-अक्षावरच्या टोकाकडून १ : २ प्रमाणात विभागतो असं घे. आकृती काढ, तुकडे मांड, मग सोडव. आंतरछेद −३ आणि ९ यायला हवेत. नाही आले तर आकृती आणि सगळ्या पायऱ्यांसकट मला लिही, कुठे घसरलीस ते आपण मिळून शोधू.